शालिनीचा कौल

बातमी चार ओळींची होती, तीही पाचव्या पानावर, तळाला, एका दंतमंजनाच्या जाहिरातीला चिकटलेली. बुधवारच्या लोकप्रिय मालिकेला प्रेक्षकांचा उदंड प्रतिसाद लाभल्यामुळे तिला आणखी तेरा भागांची मंजुरी मिळाली आहे. श्रीपतने ती वाचली आणि तोंडाशी नेलेली बशी तशीच राहिली. मधली सुट्टी होती. महाडला पेपर यायचा मुंबईच्या एस्टीने, म्हणजे उन्हं चांगली तापल्यावर. स्टाफरूममध्ये पोचला की भूगोलाचे मास्तर खेळाचं पान ओढून घेत, ड्रॉइंगचे मास्तर राशिभविष्य, आणि मराठीच्या मास्तराला उरे ते पाचवं पान. उदंड प्रतिसाद! त्याने तो शब्द तोंडात घोळवला आणि चहाबरोबर गिळला. भलेभले शब्द आता साबण विकणाऱ्यांच्या दारात पाणी भरायला लागले होते. पण आज त्याला त्या शब्दाचा राग करत बसायला सवड नव्हती. आज तेरावा भाग होता. आज रात्री मालिकेतली ती शालिनी नवऱ्याच्या घरी परत जाणार होती आणि तिच्यामागोमाग, शेवटच्या एस्टीने, श्रीपतची बहीण काशी दासगावला आपल्या सासरी जाणार होती. तसं ठरलं होतं. काशीचं गाठोडं बांधून दाराआड ठेवलेलं तो सकाळी निघताना बघून आला होता. आणि आता या चार ओळी.

मालिकेचा त्याला मनापासून तिटकारा होता आणि तो त्याने दर बुधवारी पहिल्या रांगेत बसून जोपासला होता. पहिली रांग म्हणजे त्याची एकट्याची खुर्ची. बाकी सगळी आळी खाली सतरंजीवर. टीव्ही त्याचा, चार पायांचा, सरकत्या दारांचा, आळीतला पहिला. छपरावरच्या बांबूला बांधलेली अँटेना कावळा बसला तरी फिरायची, मग शेजारचा पांडू पान चघळत कौलांवर चढायचा आणि वरून ओरडायचा, “आला काय वो?” आणि खालून बाया एका सुरात, “नाय! नाय! आला, आला... गेला!” बुधवारी हा तमाशा मालिकेच्या आधी अर्धा तास चालायचा. मग शालिनी यायची. म्हणजे शालिनीचा चेहरा यायचा. पुढून, मग डावीकडून, मग उजवीकडून, जणू विकायला काढलाय. मागे सतार झणझणायची, आणि सतरंजीवरच्या बाया पदर डोळ्यांना लावायच्या. निम्म्याजणींना हिंदी समजत नव्हतं. न समजता रडता येतं याचं श्रीपतला आधी नवल वाटलं, मग किळस आली. बावीस मिनिटांत ती बाई तीनदा दाराशी यायची, दोनदा कप खाली ठेवायची आणि एकदा “नहीं” म्हणायची. एवढ्या ऐवजावर तिने तेरा आठवडे देशाला झुलवत ठेवलं होतं. श्रीपतच्या स्वतःच्या दोन कथा दिवाळी अंकांत आल्या होत्या. त्यांतही काही घडत नसे. पण ते न घडणं त्याने महिनोन्‌महिने घासूनपुसून तयार केलेलं असे, आणि ते वाचून आजवर आळीतलं एकही माणूस रडलं नव्हतं.

तेराचं गणित त्याला सयाजीने शिकवलं होतं. सयाजी त्याच्याबरोबर कॉलेजात होता, त्याच्याच वहीतून निबंध उतरवून पास झालेला, आणि आता मुंबईत राहून मालिकांचे संवाद पाडत होता. पाडणं हा शब्द सयाजीचाच. दिवाळीत गावी आला तेव्हा एस्टी स्टँडसमोरच्या हॉटेलात मिसळ खात, पांढऱ्या बुशकोटावर तर्रीचा डाग पडू नये म्हणून रुमाल गळ्यात खोचून, तो श्रीपतला आपल्या धंद्याचं ज्ञान देत होता. “गोष्ट आता सुचायची नसते लेका, मापायची असते. मंजुरी तेराची. भाग बावीस मिनिटांचा. मधे दोनदा कुणीतरी दचकलं पाहिजे, कारण तिथे साबण येणार. सहाव्यात बाई घर सोडते. तेराव्यात परत जाते.” “का जाते?” श्रीपतने विचारलं होतं. सयाजीने त्याच्याकडे बघितलं ते एखाद्या ढ पोराकडे बघावं तसं. “तेरा संपले म्हणून.” मग पाव मोडत तो म्हणाला, “आता जाहिरातवाला खूश झाला आणि आणखी तेरा मिळाले, तर नाही जात. दारातूनच वळवायची तिला. घरी गेलेल्या बाईवर तेरा भाग निघतात होय? भाड्याची खोली द्यायची, शिवणयंत्र द्यायचं, एखादा सभ्य शेजारी द्यायचा. बाई बाहेर आहे तोवर गोष्ट आहे.” श्रीपतने मिसळीची बशी दूर सारली होती. घरी येताना त्याचं मन तुच्छतेने इतकं भरून आलं होतं की त्याला जवळजवळ आनंद झाला होता. मापाने कापलेली माणसं! सहाव्यात रडवा, तेराव्यात हसवा. आणि मग सातव्या भागाच्या बुधवारी रावजी आला, तेव्हा तेच माप श्रीपतला कामाला आलं.

रावजी म्हणजे काशीचा सासरा. जन्मभर मुंबईच्या गोदीत हमाली करून दासगावला परतलेला, बोटांत दोन अंगठ्या, तोंडात निम्मी हिंदी. मुलगा सोमा सावित्रीत वाळूच्या होडीवर होता. तो स्वतः कधी यायचा नाही, बापाला पाठवायचा. रावजी त्या बुधवारी काशीला न्यायला म्हणून आला आणि सतरंजीवर बसला तो आधी मालिकाच बघत बसला, कारण दासगावला शेजाऱ्याकडे तोही न चुकता बघायचा. मालिका संपली तसं भांडण सुरू झालं. श्रीपतची आई जानकीबाई म्हणाली, पोरीचा हात तुझ्या पोराने मोडलाय, तो नीट बसलापण नाय, मी नाय धाडायची. रावजी म्हणाला, भांड्याला भांडं लागतंच, उसमें क्या, बाईमाणसानं घर सोडलं म्हंजे ती काय कायमची सुटते काय. “ती बघ, ती पण गेलीच की घर सोडून,” जानकीबाई बंद टीव्हीकडे बोट करून म्हणाली. “येईल, येईल ती परत. बघशील तू,” रावजी म्हणाला. जानकीबाईने टीव्हीची सरकती दारं ओढून लावली. मग म्हणाली, “बघू तर. शालन गेली परत तर माझी काशी पण येईल. नाय गेली तर तुम्ही पुन्यांदा हिचं नाव काढायचं नाय.” रावजीला हसू आलं. त्याने आयुष्यात पुष्कळ सिनेमे बघितले होते. “डन,” तो म्हणाला, “मास्तर साक्षीला हायत.”

श्रीपतला तेव्हा ओरडावंसं वाटलं होतं. आपल्या आईने आपल्या डोळ्यांदेखत एका साबणाच्या जाहिरातीला कौल लावला! जी बाई भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोला रोज हार घालते, ती. पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या वाटेला, त्यांचं गाव होतं. गावाच्या माथ्यावर देवीचं देऊळ. कौल लावायचा म्हणजे गुरव ओल्या पाकळ्या देवीच्या दोन्ही अंगांना चिकटवायचा. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. हे सगळं आत. गावाबाहेरच्या त्यांच्या वाड्यातल्या माणसांनी पायऱ्यांच्या खाली फणसाशी उभं राहायचं, आणि गुरवाने बाहेर येऊन नुसता हात दाखवायचा, उजवा किंवा डावा. जानकीबाईने जन्मात पाकळी पडताना पाहिली नव्हती. तिचं लग्न त्या हातावर ठरलं होतं, पहिल्या लेकराला पोलादपूरच्या डॉक्टरकडे न्यायचं की नाही ते त्या हातावर ठरलं होतं, आणि ते लेकरू गेलं होतं. पुढे धर्मांतर झालं, श्रीपतच्या बापाने, धोंडूने, घरातले देव टोपलीत भरून सावित्रीत सोडले, तेव्हा काठावर उभी राहून जानकीबाईने मागे वळूनही बघितलं नाही. श्रीपतला आईच्या त्या पाठमोऱ्या उभं राहण्याचा फार अभिमान होता. आपल्या एका कथेत त्याने ते वापरलंही होतं. आणि आता हे! त्या रात्री त्याने तिला विचारलं, “आई, कौल सोडले ना आपण?” ती अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणाली, “देवाला विचारायचं नाय म्हणून सोडले. शालन काय देव हाय? बाई हाय. तिला काय व्हतंय ते मला माझ्या डोळ्यांनी दिसतंय. भाषा तेवढी तू सांगतोस.” यावर बोलण्यासारखं त्याच्याकडे पुष्कळ होतं. पण तो बोलला नाही, कारण त्याला तेराचं गणित ठाऊक होतं, आणि काशी गेली तर ते त्याला हवंच होतं.

हे त्याने स्वतःशी कधी नाकारलं नाही. तेवढा प्रामाणिकपणा आपल्यात आहे याचाही त्याला अभिमान होता. दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत खिडकीशी त्याचं टेबल होतं, तिथे आता काशीचं अंथरूण. लिहायला बसावं तर पायाशी कुणीतरी कण्हतंय. ती आली तेव्हा थंडी होती, तिचा हात गळ्यात बांधलेला होता आणि आळीतली प्रत्येक बाई एकेकदा येऊन तो बघून गेली होती. हाडवैद्याने ओढून बसवलेलं मनगट तिरकंच राहिलं. त्या हाताने ती भाकरी थापायची ती एका कडेला जाड आणि एका कडेला पातळ, पातळ कड करपायची, आणि श्रीपतची बायको रंगूबाई ती करपलेली कड मोडून न बोलता ताटाबाहेर ठेवायची. रंगूबाई काहीच बोलत नसे. शाळेत बोलत. ड्रॉइंगचे मास्तर विचारत, “बहीण आहे का अजून?” त्या ‘अजून’मध्ये सगळं आलं. श्रीपतला काशीच्या दुःखाची शिसारी आली होती, कारण त्यात काही नवं नव्हतं. नवरा पितो, मारतो, बायको माहेरी येते. हे त्याने कथेत लिहिलं असतं तर संपादकाने साभार परत पाठवलं असतं. एकदाच तिने त्याला विचारलं होतं, भांडी घासता घासता, मान वर न करता, “दादा, ती शालन जाईल काय रं?” ‘तू राहा, तिचं काय करायचंय आपल्याला’, एवढं म्हणायला त्याला शालिनी लागत नव्हती. तो म्हणाला, “बघू या.”

मधल्या सुट्टीनंतर नववी ब होती. कवितेचा तास. पोरं एका आवाजात कविता म्हणत होती आणि तो खिडकीतून बघत होता. त्याला आता सगळं स्वच्छ दिसत होतं. रात्री शालिनी जाणार नाही. दारापर्यंत आणतील, कारण ते चित्रण आधीच झालेलं असणार, पण कडी उघडू देणार नाहीत. दारात गोठवतील. आणि पुढच्या बुधवारी ती वळेल, पाठमोरी होईल, आणि मग तेरा आठवडे खोली, शिवणयंत्र, सभ्य शेजारी. साऱ्या देशात हे सांगू शकणारी माणसं असतील दहा-वीस, आणि त्यांतलं एक महाडच्या नववी ब मध्ये खडू हातात धरून उभं आहे, या विचाराने त्याला एक घाणेरडं समाधान झालं. मग दुसरा विचार आला. म्हणजे काशी जिंकली. संध्याकाळी रावजी येईल, त्याला सांगायचं, पेपरात आलंय, मालिका वाढली, ती बाई काही परत जात नाही. तुम्ही डन म्हणालात, आता नाव काढायचं नाही. चार ओळी वाचून दाखवायच्या. मग काशी राहील. खिडकीशी राहील, भाकऱ्या करपवत राहील, उद्या, पुढच्या वर्षी, त्याचे केस पांढरे होईतो. “सर, पुढचं कडवं?” पहिल्या बाकावरची पोरगी विचारत होती. “म्हणा की,” तो खेकसला.

घरी येताना तो तळ्याच्या कडेने आला, नेहमीपेक्षा हळू. वाटेत ठरवलं, सांगू. मग ठरवलं, आधी भाग होऊन जाऊ दे, आपला अंदाज चुकलाही असेल. आपला अंदाज चुकणार नाही हे ठाऊक असताना त्याने हे ठरवलं. घरी काशी चुलीशी होती. गाठोडं दाराआड होतं. रंगूबाईने चहा देताना विचारलं, “पेपरात काही विशेष?” “काही नाही,” तो म्हणाला, आणि शब्द तोंडातून गेल्यावर त्याला कळलं की आता हे सोपं झालं. खोटं एकदा बोललं की पुढचं नुसतं चालू ठेवायचं असतं. दिवेलागणीला रावजी आला, धुतलेला सदरा घालून, सुनेसाठी बांगड्या घेऊन. बांगड्या! तिरक्या मनगटात त्या चढणार कशा, हे त्या गाढवाला सुचलं नव्हतं. पांडू कौलांवर चढला. आला, गेला, आला. सतरंजी भरली. जानकीबाई सगळ्यांच्या पुढे, काचेला नाक लागेल इतकी जवळ बसली. तिने नवं लुगडं नेसलं होतं.

आणि झालं ते इतकं नेमकं त्याच्या अंदाजाप्रमाणे झालं की त्याला लेखकांची कीव आली. शालिनी रिक्षातून उतरली. साबण. शालिनी जिना चढली, हळू, एकेक पायरी, बावीसांतली चार मिनिटं त्या जिन्यानेच खाल्ली. “काय म्हणतेय रं?” जानकीबाईने विचारलं. “काही म्हणत नाही. चढतेय,” तो म्हणाला. शालिनी दारापुढे उभी राहिली. आत नवऱ्याची सावली हलली. तिने हात उचलला. बोटं कडीपासून वीतभर. सतार कडाडली आणि चित्र तिथेच थिजलं. वरून नावं सरकायला लागली, छायालेखक, वेशभूषा, आभार. सतरंजीवर कुणी हललं नाही. मग निवेदिका गुलाबाचं फूल खोचून आली आणि बातम्यांचं बोलायला लागली, तसा पांडूने आवाज बारीक केला.

“गेली,” रावजी म्हणाला.

“कुठं गेली? दारात हाय,” जानकीबाई म्हणाली.

“दारात गेली म्हंजे गेलीच. आता काय तिथं उभी ऱ्हाऊन भाजी इकणार हाय? चल गो काशी.”

“पाकळी अडकली,” जानकीबाई स्वतःशीच म्हणाली. “अशी अडकते कधी कधी. मग थांबायचं असतं. हात लावायचा नसतो.”

“सहा आठवडे थांबलो ना मावशे. अब कितना? माझ्या पोराला कोण भाकरी घालतंय?”

आळीतल्या बायांनी दोन्ही बाजू घेतल्या. एक म्हणाली, तिच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणजे ती जाणार. दुसरी म्हणाली, पाणी कायमच असतं तिच्या डोळ्यांत. श्रीपत खुर्चीत बसून हे ऐकत होता आणि त्याच्या मनात पहिल्यांदाच कुणाविषयी तुच्छता उरली नव्हती, नुसती घाई होती. हे संपावं. कोणत्याही बाजूने संपावं, पण आज. तेवढ्यात जानकीबाईने मान वळवली. “श्रीपत, तू सांग. तू पुस्तकं लिवतोस. पुढं काय व्हनार? आधी गुरव सांगायचा ते आम्ही खरं मानायचो. तू तर माझा पोर हायस.” सगळी सतरंजी त्याच्याकडे वळली. रावजीसुद्धा, त्याच्या चेहऱ्यावर शाळेपुढे अडाणी माणसाला असतो तो आदर होता. आतल्या दारात काशी उभी होती, हाताला पीठ लागलेलं. ती एकटीच त्याच्याकडे बघत नव्हती. ती टीव्हीकडे बघत होती, जिथे आता पंतप्रधान विमानातून उतरत होते. श्रीपतला शालिनीची पाठ दिसत होती. वळलेली, जिना उतरणारी, स्वच्छ. खोली, खोलीतलं शिवणयंत्र, यंत्रावरचा फुलाफुलांचा कपडा. इतकं स्पष्ट त्याला स्वतःच्या कथेतलं काही कधी दिसलं नव्हतं.

“जाणार,” तो म्हणाला. “पुढच्या भागात पहिल्याच मिनिटाला कडी उघडून आत जाणार. जायचं नसतं तर तिला दारापर्यंत आणलीच कशाला असती?”

वाक्य चांगलं जमलं होतं. त्याला ते जाणवलंही. बायांनी माना डोलावल्या, आणलीच कशाला असती, खरं हाय. रावजीने मांडीवर हात मारला. जानकीबाईने पदर सारखा केला. गुरवाचा हात बघून फणसाखालून निघताना ती असाच सारखा करत असावी. काशी आत गेली. पीठ धुतल्याचा आवाज आला. मग ती बाहेर आली, गाठोडं उचललं, बांगड्यांची पुडी सासऱ्याच्या हातातून घेतली आणि न उघडता गाठोड्यात खोचली. दारात तिने चपला शोधल्या. इतक्या चपलांत तिच्या सापडेनात. सापडल्या तेव्हा ती म्हणाली, “दादा, भाकऱ्या टोपलीत हायत. आईची तेवढी दुधात कुस्करून दे. तिला कडा चावत नायत.” श्रीपत म्हणाला, “बरं.” मग दुसरं काही तरी म्हणावं म्हणून म्हणाला, “पत्र टाक.” तिला लिहिता येत नव्हतं हे त्याला ती कोपऱ्यावर वळल्यावर आठवलं.

तो आठवडा चांगला गेला. टेबल खिडकीशी आलं. त्याने एक कथा सुरू केली आणि आश्चर्य म्हणजे ती पुढे सरकत होती. रंगूबाई दोनदा हसली. दासगावहून काही कळलं नाही, आणि काही कळत नाही म्हणजे बरं असणार, असं तो आईला म्हणाला. पेपरातली बातमी आता बायकांपर्यंतही पोचली होती. मालिका वाढली म्हणून आळीत आनंद होता आणि पुढच्या बुधवारी सतरंजी अपुरी पडली. कशेडीत दरड कोसळून गाड्या अडकल्या होत्या, त्यातला एक ट्रकवाला ओळखीने आलेला, तोही दारात टेकून उभा होता. जानकीबाई तिच्या जागेवर, काचेशी. जुनंच लुगडं.

शालिनीचा हात कडीपासून वीतभर होता. मागचाच. आत सावली हलली, मागचीच. मग हात खाली आला. तिने त्या हाताकडे बघितलं, पुढून, डावीकडून, उजवीकडून, आणि ती वळली. जिना उतरताना या वेळी तिला चार मिनिटं लागली नाहीत, भराभर उतरली. साबणानंतर ती एका म्हाताऱ्या पारशिणीच्या दारात भाड्याची खोली विचारत उभी होती. बाया टाळ्या वाजवत होत्या. गेल्या बुधवारी जाणार जाणार म्हणून माना डोलावणाऱ्या त्याच बाया. पांडूने शीळ घातली. संपेपर्यंत जानकीबाई काचेसमोर तशीच बसून होती. मग ती सावकाश मागे वळली, आणि एवढ्या गलक्यात तिचा आवाज फक्त श्रीपतला ऐकू जाईल इतका बारीक होता.

“ही तर नाय गेली.”

“वाढवली ना मालिका,” तो म्हणाला. “आणखी तेरा भाग मिळाले. मग असं करावं लागतं त्यांना. घरी गेलेल्या बाईची गोष्ट पुढे चालत नाही.”

“हे तुला कधी कळलं?”

त्याने टीव्हीचा आवाज बारीक केला.

“रावजी यायच्या आधी, का मागनं?”

‘मागनं’ एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. तिने खरं मानलं असतं. आजवर सगळं मानलं होतं. पण ती त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या नजरेत राग नव्हता, नुसता प्रश्न होता, आणि तो चौदा वर्षं पोरांना शिकवत आलेला माणूस त्या प्रश्नाला खोटं उत्तर देऊ शकला नाही. “आधी,” तो म्हणाला. “दुपारी.”

जानकीबाईने मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. “मग माझ्या पोरीचं पण लांबवायचं होतंस,” ती म्हणाली. “आठवडाभर.” गुडघ्यांवर हात टेकून ती उठली. लोकांच्या पायांतून वाट काढत आतल्या खोलीत गेली. श्रीपत तिच्या मागे गेला. तिने दोरीवरची दोन लुगडी काढून चादरीवर ठेवली होती, त्यावर मिश्रीची डबी. “कुठे निघालीस?” “दासगावला. सकाळच्या गाडीनं. तिथंच ऱ्हाईन. सोमा हात उचलतो तवा मधी कोण तरी पायजे.” “आई, या वयात? ते लोक ठेवून तरी घेतील का तुला?” ती गाठ मारत होती. बोटं सांध्यांत सुजलेली, गाठ बसेना, आणि श्रीपत पुढे झाला तेव्हा तिने गाठोडं स्वतःकडे ओढून घेतलं.

बाहेर बायांचा गलका चालूच होता. खोली मिळेल की नाही, नवरा शोधत येईल की नाही, पारशीण चांगली की वाईट. पांडूने पडद्यातून डोकं आत घातलं, तोंडभर हसत. “मास्तर, चला वो. सगळी इच्यारतायत. आता पुढं काय व्हनार शालनचं?”

“त्याला नको इच्यारू,” जानकीबाई गाठ आवळता आवळता म्हणाली, बाहेरच्यांनाही ऐकू जाईल अशी. “त्याला ठावं असतं. पण तो सांगत नाय.”